चिखलदऱ्याच्या गाडीतला चहा

आमच्या घरात चहा दोरीनं मागवला जायचा. अकोल्याला जठारपेठेत खाली दुकान आणि वर घर, अशी आमची मांडणी. दुकान शेतीच्या सामानाचं. पाइप, मोटारपंप, फवारणीचे पंप, ताडपत्र्या, दोर, बैलांच्या घंट्या. गल्ल्याच्या वर छताला एक भोक होतं. त्यातून एक सुतळी वरच्या स्वयंपाकघरात गेली होती आणि तिच्या टोकाला, ओट्याच्या वर, बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी टांगलेली होती. खालून मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सुतळी ओढायचे. एकदा ओढली तर एक चहा, तीनदा ओढली तर तीन. वर मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, वाजलं किती ते मोजायची आणि तेवढे कप भरायची. ही सोय एकाच बाजूची होती. वरून कोणी सुतळी ओढली तर खाली काहीच वाजत नसे.

मोठी आई भातकुलीकडची. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या घंटीच्या हुकमात राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. माझी आई खेड्यावरच्या शाळेत शिकवायची, सकाळी गेली की संध्याकाळी यायची, त्यामुळे मी वाढले ती मोठ्या आईच्या पदराला धरून. तिच्या हातचा चहा सगळ्या पेठेला माहीत होता. तिचा स्वतःचा चहा मात्र सगळ्यात शेवटी, भांड्याच्या बुडाशी जे उरेल ते पेल्यात ओतून, ओट्याला टेकून, उभ्या उभ्या. "बसून पी ना," मी म्हणायचे. "हे घे, झाला बी," म्हणत ती पेला विसळायला घ्यायची. भरलेला कप तिच्या हातात मी नेहमी पाहिला, पण तो दुसऱ्या कोणाकडे निघालेला असायचा.

मी कॉलेजात होते ती वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. पाऊस हवा तेव्हा यायचा नाही, कापसाला भाव नाही, बोंडात अळी. दुकानात मात्र माणसं वाढली होती. बाहेरच्याला हे कोडं सुटायचं नाही. चांगल्या साली शेतकरी घाईत असतो. पाइप घेतला, दोर घेतला, खांद्यावर टाकला की निघाला. वाईट साली तो बसतो. खेड्यावरून एस.टी.नं यायचं, दुकानाच्या बाकावर टेकायचं, पंपाला हात लावून पाहायचा, आभाळाविषयी बोलायचं आणि जायचं. मोठे बाबा प्रत्येकासाठी सुतळी ओढायचे. मला राग यायचा. वर एक बाई सकाळपासून आधणावर आधण ठेवतेय आणि खाली साधा खिळासुद्धा विकला जात नाही! एकदा मी तसं बोलून दाखवलं तर मोठे बाबा म्हणाले, "बसाले तं येतेत न पोरी. माणूस बोलला का मोकळा होते. चायच तं हाय." त्यातली काही माणसं पुढं आलीच नाहीत. त्याबद्दल दुकानात मोठ्यानं कोणी बोलत नसे. त्या दिवशी घंटी जरा उशिरा वाजायची, एवढंच.

समोरच्या बाजूला चाचांचं घर होतं. त्यांची एकच बस होती आणि ती लग्नाच्या वऱ्हाडांसाठी चालायची. खिडक्यांना लाल पडदे, पुढच्या काचेवर जरीची झालर. वाईट दिवस आले तशी लग्नं आखडली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वऱ्हाडं जाऊ लागली आणि चाचांची गाडी दारात उभी राहिली. हात बांधून बसणाऱ्यांतले चाचा नव्हते. त्यांनी एका पत्र्यावर पेंटरकडून लिहून आणलं: 'चिखलदरा दर्शन. दर रविवारी. दुपारचा चहा गाडीतच मिळेल.' चहा गाडीतच, याला कारण होतं. पहिल्याच खेपेला माणसं चहा प्यायला टपऱ्यांवर पांगली, ती गोळा करता करता अंधार पडला आणि चाचांना काळोखात घाट उतरावा लागला. शिट्टी मारून बघितली तर लोकांना वाटलं जंगल खात्याचा माणूस ओरडतोय, ते आणखी लांब गेले. मग चाचा आमच्या दुकानातून एक बैलाची घंटी घेऊन गेले आणि गाडीच्या दाराशी टांगली. तेव्हा आमच्याकडे घंट्यांचा अख्खा घोस पडून होता. लोक बैलच विकत होते, घंटी कोण घेणार?

तो पत्रा मोठ्या आईनं गॅलरीतून वाचला. चौथी झालेली, अक्षर लावून लावून वाचायची. मग मला हाक मारली.

"ते गाडीतच म्हंजे? जाग्यावर आनून देतेत?"

"हो. आपल्या सीटवर."

"उठा नाई लागत?"

"कशाला उठायचं? तेच तर आहे."

तिनं गाडीच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले जाचं हाय. खिडकीजोळ बसून, कोनाच्या तरी हातचा आयता चाय प्याचा हाय. एकडाव."

चिखलदऱ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चाचांची गाडी मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकापाशी नेऊन उभी केली असती तरी चाललं असतं. तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं घरात कोणालाच आठवत नव्हतं, आणि मागितलं ते हे, एक कप चहा. मी त्याच दिवशी ठरवलं की हिला न्यायचंच.

मोठे बाबा चकित झाले. रागावले नाहीत, त्यांना खरोखरच कळेना. "चाय प्याले चिखलदऱ्याले? घरी चाय नाई का?"

"घरी चाय करनं हाय," मोठी आई म्हणाली. "पेनं कुठी हाय?"

 रविवारी कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा मागवू, असं मोठे बाबा म्हणाले आणि स्वतः समोर जाऊन दोन जागा सांगून आले, एक खिडकीची.

थंडीचे दिवस होते. मोठ्या आईनं ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. पहाटे निघताना तिनं मला हळूच विचारलं की चहा देतील तेव्हा आपला कप आपण न्यायचा असतो का. मी हसले. अकोट, अंजनगाव, परतवाडा. रस्त्यानं उभ्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं दिसत होती आणि मोठी आई कुठल्या शेताची वेचणी झाली, कुठली राहिली, हे पुटपुटत होती. घाटात तिनं डोळे मिटले. वर गेल्यावर सगळ्यांबरोबर पॉइंटही पाहिले, दरीत डोकावली आणि म्हणाली, "लई खोल हाय बापा." पण तिचं लक्ष माझ्या घड्याळात होतं. दीड वाजता विचारलं, किती वाजले. अडीचला विचारलं. तीनला विचारलं तेव्हा मी घड्याळ काढून तिच्याच हातात दिलं.

पावणेचारला चाचा गाडीमागे दगडांच्या आडोशाला बसून स्टोव्हवर चहा उकळत होते. लग्नाच्या दिवसांतल्या चिनी मातीच्या कपबश्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. कागदी कपांचा त्यांना भारी तिटकारा. "कागज में भजे बांधते भई, चाय नहीं," म्हणायचे. तोटीच्या स्टीलच्या टाकीत चहा भरून ती मागच्या सीटवर ठेवली. मोठी आई सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीशी बसली होती. पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. शाळेत फोटो काढायला बसवलेल्या मुलीसारखी ती मला दिसते, अजून. बाहेर दरीवर पिवळं ऊन होतं. आलं आणि गवती चहाचा वास गाडीभर पसरला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

मग चाचांनी बाकीच्यांना बोलवायला घंटी वाजवली.

ती आमच्याच घोसातली घंटी होती, आवाजही तोच. आधीच्या पॉइंटला ती वाजली तेव्हा आम्ही गाडीतच होतो आणि चहाचा वास नव्हता. आता दोन्ही एकत्र आलं. मोठी आई उठली. इतकी सहज उठली की मला वाटलं पाय मोकळे करतेय. ती सरळ मागे गेली आणि चाचांच्या हातातलं ताट घेतलं. चाचा म्हणाले, "वहिनी, तुमी बसा ना, आज तुमी पावने हाय." पण ती तोटीखाली कप धरून बसलीसुद्धा. "राहू द्या भाऊ, तुमाले नाई जमत, सांडून राहिले तुमी."

आणि मग मोठ्या आईनं पस्तीस माणसांना चहा दिला. नुसता दिला नाही, आमच्याकडे देतात तसा दिला. आमच्या वऱ्हाडात एका कपावर माणसाला सोडणं म्हणजे त्याचा अपमान. "एक पायानं आले का भाऊ? दोन पायानं आले न? घ्या मंग दुसरा." बँकेतले एक साहेब नको नको म्हणत होते, त्यांचा कप तिनं त्यांच्या हातातच भरला. एक नवीन जोडपं होतं, त्यांना लाजवून दोन दोन पाजले. सगळी गाडी हसत होती, काकू काकू करत होती. मलाही तिनं कप दिला. मी तो न बघता घेतला. मी दरीकडे बघत होते. इतकं छान ऊन परत कधी दिसेल, असा काहीतरी विचार माझ्या डोक्यात चालला होता. कॉलेजातल्या मुलीला असले विचार फार येतात.

"वहिनी, तुमचा कप?" चाचांनी विचारल्याचं मी ऐकलं.

"घेतला न मी," ती म्हणाली.

परतवाड्याच्या अलीकडे, उजेड कमी होत आला तेव्हा, मला आठवण झाली. मी मोठ्या हौसेनं विचारलं, "काय मग? कसा होता चहा?"

तिनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "वासावरून तं चांगला वाटला."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी भडकले. माझा राग हा असाच, जिथं रडायला पाहिजे तिथं ओरडते. भर गाडीत तिला बोलले. तुला कोणी सांगितलं होतं उठायला, त्यासाठी आलो होतो का आपण, जन्मभर मोलकरीणच राहणार तू. हो, तो शब्दही वापरला. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं.  माझा आवाज बसल्यावर मोठी आई म्हणाली, "आदत हाय माय. घंटी वाजली अन् पाय उठले. मले तं मंग समजलं." आणि माझा हात थोपटत, मलाच समजावत म्हणाली, "खिडकी तं भेटली न. अर्धं काम झालं."

घरी पोचलो तर मोठे बाबा सांगत होते, चारदा सुतळी ओढली, चारही वेळा ओढल्यावर आठवलं की वर मोठी आई नाही. सांगताना हसत होते, पण चेहरा उतरलेला होता. टपरीचा चहा त्यांना बाधला म्हणे.

चाचांना गाडीतला प्रकार कळला तेव्हा ते स्वतः जिना चढून वर आले. दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेले तुमची शीट पक्की. घंटी नाई वाजवनार, अल्लाकसम. गळा फाडून बोलवीन लोकाईले." मोठी आई लाजली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

पुढची खेप झाली नाही. त्या रविवारी माणसंच भरली नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मोठी आई दर शनिवारी संध्याकाळी गॅलरीत येऊन गाडी धुतात का ते बघायची. जांभळं लुगडं तिनं घडी घालून वरच ठेवलं होतं, पेटीत टाकलं नव्हतं. मार्च उजाडला तशी एक दिवस गाडी दिसली नाही. चाचांनी ती विकली होती. तो पत्रा त्यांच्या भिंतीला पाठ करून पुढं कितीतरी दिवस उभा होता. मग लुगडं पेटीत गेलं.

माझं लग्न अमरावतीला झालं. संसार, शाळेतली नोकरी, मुलं. चिखलदरा आमच्या घरापासून अडीच तासांवर. मी तिला केव्हाही नेऊ शकले असते, गाडी करून, थर्मास भरून. सुट्टीत अकोल्याला गेले की तसं म्हणायचेही, आणि तीही म्हणायची, जाऊ कधी तं. मी तिच्या हातचा चहा पीत पीत हे बोलायचे. आज त्याची लाज वाटते. माणसं समोर असतात तोवर आपल्याला वाटतं वेळ आहे.

मोठे बाबा गेले, दुकान बंद झालं. आईवडील माझ्या धाकट्या भावाकडे पुण्याला राहायला गेले. मोठी आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. मी तिला अमरावतीला आणलं. सोबत आणायच्या सामानात तिनं ती घंटी घेतली होती, चिंधीत गुंडाळून. का, ते तिनं सांगितलं नाही.

तिचा पलंग मी रस्त्याकडच्या खिडकीशी लावला. रोज चारला मी तिला कप नेऊन द्यायचे. वाटलं होतं, आता तरी. पण कप हातात घेऊन ती विचारायची, "जावयाचा झाला? पोराईचा झाला? तुहा?" सगळ्यांचा झाल्याची खात्री पटेपर्यंत तिचा चहा निवून जायचा. तोच ती दोन घोटांत संपवायची, उभ्यानं प्यायच्या घाईनं, पलंगावर पडल्या पडल्या. आणि काही म्हणून मागायची नाही. पाणीसुद्धा नाही. घसा कोरडा पडून आवाज बसायचा, पण हाक नाही. मी चिडून एक दिवस ती घंटी काढली, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर टांगली, सुतळी दारावरून नेऊन तिच्या उशाशी बांधली. म्हटलं, "आता ही तू ओढायची. काही लागलं की ओढ. मी येते." तिनं सुतळी बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "मी? मी कावून ओढू?"

सहा महिने तिनं ती ओढली नाही. जाळं काढताना कामवालीचा हात चुकून लागला की वाजायची तेवढीच.

त्या हिवाळ्याच्या शेवटी ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. पण त्याआधीच्या एका दुपारचं सांगायचं राहिलं.

मी शाळेतून येऊन भाकरीचं पीठ काढत होते. घरात आम्ही दोघीच. आणि घंटी वाजली. एकदा वाजली, थांबली, पुन्हा एकदा वाजली. माझे हात पिठातच राहिले. लहानपणची सवय, मी मनात मोजलं होतं: दोन. कोणी पाहुणा आला की काय, म्हणून बाहेर डोकावले तर कोणी नव्हतं. ती उशांना टेकून उठून बसली होती, पदर सारखा केलेला, दोन्ही हात मांडीवर. खिडकीतून तिरपं पिवळं ऊन आलं होतं.

"दोन?" मी विचारलं.

"एक मले, एक तुले," ती म्हणाली. "अन् बशीत आनजो."

मी चहा केला. आलं घातलं, बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा घातला. दोन कपबश्या घेऊन आले. तिनं आपला कप घेतला आणि मी सवयीनं पलंगाच्या कडेला उभीच राहिले, तर म्हणाली, "टेक न खाली. उभ्यानं काय चाय पेतं?" मी टेकले. कोणाचा झाला, कोणाचा राहिला, यातलं तिनं काहीही विचारलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि माझ्या आधी ती प्यायली. बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत, अजिबात घाई न करता, सगळा कप.

"कसा झाला?" मी विचारलं. 

तिनं जिभेवर चव घोळवली.

"साखर कमी हाय," ती म्हणाली. "दुसरा आन."

मी उठले, ओट्यापाशी गेले, पुन्हा आधण ठेवलं आणि तिथं उभ्या उभ्या रडले. आणि साखर दोन चमचे जास्तच घातली.